पादचारी, बंपर आणि पहिले दीडशे मिलिसेकंद

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. या वेगाने येणारी सेडान १७५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला बाजूने धडकली, की बंपर पायाला टेकल्यापासून डोकं बॉनेटच्या मागच्या भागावर किंवा काचेवर आदळेपर्यंत साधारण १२० ते १५० मिलिसेकंद जातात. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. तेवढ्यात गाडी दीड मीटरच्या आसपास पुढे सरकते आणि गुडघ्याचे अस्थिबंध, नडगी, खुबा, बरगड्या, खांदा आणि शेवटी मेंदू यांचा एकामागून एक निकाल लागतो. संगणकावर हा प्रसंग उभा करताना कामाचा बहुतेक भाग या दीडशे मिलिसेकंदांच्या आधीच होऊन गेलेला असतो. माणूस कसा उभा केला, जमिनीवर कसा टेकवला, कॉन्टॅक्ट (म्हणजे कोणता पृष्ठभाग कोणाला टेकणार याचे नियम) कसे लावले, यात चूक राहिली तर पुढचे सगळे आलेख कितीही गुळगुळीत दिसोत, त्यांना अर्थ नसतो.

मॉडेल निवडताना प्रश्न काय आहे ते आधी ठरवावं. माणूस कुठे फेकला गेला, डोकं गाडीवर कुठे लागलं, गाडीचा वेग किती असावा, एवढंच हवं असेल तर मल्टिबॉडी मॉडेल पुरतं. त्यात शरीर म्हणजे सांध्यांनी जोडलेले लंबगोल. मॅडिमोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एक रन, म्हणजे गणिताची एक पूर्ण फेरी, काही मिनिटांत संपतो, म्हणून शेकडो रन लावता येतात. हाड कुठे मोडलं, अस्थिबंध किती ताणला, मेंदूत विकृती किती झाली, हे हवं असेल तर फायनाइट एलिमेंटचं, म्हणजे शरीराचे असंख्य लहान तुकडे (एलिमेंट) करून घडवलेलं, मानवी मॉडेल लागतं: टोयोटाचं थम्स (२०२१पासून ते मोफत उपलब्ध आहे) किंवा जीएचबीएमसी या कन्सोर्टियमचं. यांत हाडाचं कठीण कवच, आतलं जाळीदार हाड, अस्थिबंध, स्नायू, त्वचा असं सगळं वेगवेगळं घडवलेलं असतं. तिसरा मार्ग इम्पॅक्टरचा. प्रयोगशाळेत डोक्याचा गोळा किंवा पायाचा साचा गाडीवर फेकतात, त्याचंच संगणकीय रूप. प्रौढ डोक्याचा गोळा ४.५ किलोचा, मुलाचा ३.५ किलोचा, दोन्हींचा व्यास १६५ मिलिमीटर. बॉनेटच्या रचनेचं रोजचं काम इम्पॅक्टरवरच चालतं आणि ते योग्यही आहे, कारण एका गाडीवर डोक्याचे दोनशे बिंदू तपासायचे असतील तर दोनशे वेळा पूर्ण माणूस धडकवणं परवडत नाही.

उभं करणं

मानवी मॉडेल ज्या पवित्र्यात मिळतं तो पवित्रा तुमच्या कामाचा असेलच असं नाही. चालताना एक पाय पुढे, एक मागे असतो, आणि गाडीकडच्या बाजूचा पाय पुढे आहे की मागे यावर सगळं शरीर स्वतःभोवती कुठल्या दिशेला फिरेल ते ठरतं. त्यावरून डोक्याची मागची बाजू काचेवर लागेल की चेहरा, हे बदलतं. म्हणून पाय हलवावेच लागतात. सरळ नोड (एलिमेंटचे कोपरे) फिरवून पाय हलवले तर जांघेत आणि गुडघ्यामागे कातडीचे एलिमेंट एकमेकांत घुसतात. बरी पद्धत म्हणजे एक वेगळा रन लावून हाडांना हळूहळू ओढून नव्या जागी नेणं, मग शेवटचे फक्त नोडचे निर्देशांक घेऊन ताण शून्य करणं. ताण तसेच ठेवले तर अस्थिबंध धडकेआधीच ताणलेला असतो आणि गुडघा खऱ्यापेक्षा लवकर फाटतो. निर्देशांक घेतल्यावर एलिमेंटची गुणवत्ता पुन्हा तपासायची. घोटा, गुडघ्याची गादी आणि जांघ या तीन जागा हमखास बिघडलेल्या सापडतात.

मग बूट. तळवा २५ मिलिमीटर जाड असेल तर गुडघा बंपरच्या तुलनेत तेवढा वर जातो. मध्यम उंचीच्या माणसाचा गुडघा जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास असतो आणि बऱ्याच गाड्यांच्या बंपरची कडक तुळईही त्याच पट्ट्यात येते, त्यामुळे हे २५ मिलिमीटर किरकोळ नाहीत. बंपर गुडघ्याच्या वर लागला की मांडी पुढे ढकलली जाते, नडगी मागे राहते आणि गुडघा बाजूने उघडतो. खाली लागला की नडगी वाकते. बूट विसरलेलं मॉडेल या दोन्हींची अदलाबदल करू शकतं. गाडीने ब्रेक लावलेला असेल तर तिचं नाक खाली झुकतं, तेही इथेच हिशोबात घ्यायचं. ब्रेकचं त्वरण दिलं आणि गाडी मात्र सपाट ठेवली, असं अर्धवट काम फार दिसतं.

जमिनीशी नातं नीट जोडणं हे सगळ्यात दुर्लक्षित काम. ७७ किलोच्या माणसाचं वजन ७५५ न्यूटन. तळवे जमिनीपासून पाच मिलिमीटर वर तरंगत असतील तर धडकेच्या क्षणी पायाखाली घर्षणच नसतं, आणि पाय खऱ्यापेक्षा सहज पुढे निघून जातो. नडगीवरचा भार त्यामुळे कमी दिसतो. उलट गुरुत्वाकर्षण लावून गाडी लांबून आणली तर या मॉडेलमध्ये उभं राहण्याइतके जागे स्नायू नसतात, माणूस गुडघ्यातून खचायला लागतो. मोकळ्या पडणाऱ्या वस्तूचा हिशोब केला तर ३० मिलिसेकंदांत साडेचार मिलिमीटर, १०० मिलिसेकंदांत जवळजवळ पाच सेंटिमीटर. म्हणून गाडी पायाच्या अगदी जवळ, काही मिलिमीटरवर ठेवायची, तळवे आधी वेगळ्या रनमध्ये जमिनीवर दाबून बसवायचे आणि गुरुत्वाकर्षण पहिल्या क्षणापासून चालू ठेवायचं. एककांची गफलतही इथेच पकडता येते: मिलिमीटर, मिलिसेकंद, किलोग्रॅम या एककांत गुरुत्वाचा आकडा ०.००९८१ आहे, टन, मिलिमीटर, सेकंद घेतले तर ९८१०. दुसऱ्या संघाकडून आलेली गाडी एका एककांत आणि माणूस दुसऱ्या एककांत, हा प्रकार दिसतो तेवढा दुर्मीळ नाही. जोडल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येक भागाचं वजन छापून डोळ्यांखालून घालणं.

टाइमस्टेप आणि चोरून वाढलेलं वजन

धडकेचे सोल्व्हर, म्हणजे हे गणित सोडवणारे प्रोग्राम, एक्स्प्लिसिट पद्धतीचे असतात: काळाच्या लहान लहान पायऱ्यांनी पुढे सरकतात. अशी एक पायरी म्हणजे टाइमस्टेप. तो ढोबळ मानाने, सगळ्यात लहान एलिमेंटमधून ध्वनिलहर आरपार जायला लागणारा वेळ. पत्र्यात ध्वनी सेकंदाला ५००० मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे पाच मिलिमीटरच्या एलिमेंटला एक मायक्रोसेकंद मिळतो. हाडाच्या कवचात वेग ३००० मीटरच्या जवळपास, पण एलिमेंट एक मिलिमीटरचा, त्यामुळे टाइमस्टेप मायक्रोसेकंदाच्या एक तृतीयांशावर येतो. १५० मिलिसेकंदांसाठी साडेचार लाख पायऱ्या झाल्या. साहजिकच मास स्केलिंगचा मोह होतो: लहान एलिमेंटचं वजन कृत्रिमरीत्या वाढवायचं म्हणजे टाइमस्टेप मोठा चालतो.

मोह करावा, पण हिशोब ठेवून. “एकूण वजनवाढ एक टक्क्याच्या आत” हा वाक्प्रचार या क्षेत्रात फार ऐकू येतो आणि माझ्या मते तो घातक आहे. माणसाच्या ७७ किलोचा एक टक्का म्हणजे ०.७७ किलो. हे सगळं डोक्यात जमा झालं असेल तर साडेचार किलोच्या डोक्याचं वजन १७ टक्क्यांनी वाढलं! वाढ भागागणिक बघायची. डोकं, मान आणि गुडघा इथे जवळजवळ शून्य हवी. पायाच्या बोटांतल्या हाडांत थोडी चालेल.

ऊर्जेच्या आलेखाचंही असंच. १५०० किलोची गाडी ताशी ४० किलोमीटरने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा ९२.६ किलोज्यूल. माणसाला गाडीच्या वेगापर्यंत नेताना मोडतोड, घर्षण आणि विकृती यांत जी ऊर्जा खर्ची पडते ती मात्र साडेचार किलोज्यूलच्या घरात. म्हणजे एकूण ऊर्जेत एक टक्का चूक झाली, तर ती आपल्या कामाच्या ऊर्जेच्या वीस टक्के असू शकते. एकूण ऊर्जेची रेघ सरळ दिसते म्हणून समाधान मानू नये. माणसाच्या भागांची अंतर्गत ऊर्जा, अवरग्लास ऊर्जा (एलिमेंटच्या खोट्या वळवळीला आवरण्यात गेलेली) आणि कॉन्टॅक्टची ऊर्जा वेगळी काढून बघायची. अवरग्लास ऊर्जा त्या त्या भागाच्या अंतर्गत ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, पाचच्या आत असेल तर उत्तम. मेंदू, मांडीचं मांस आणि बंपरचा फोम या तीन जागी ती फुगते. आणखी एक सोपी तपासणी: संवेगाच्या हिशोबाने माणूस आणि गाडी एकाच वेगाला आल्यावर, ब्रेक नसेल तर, गाडीचा वेग ताशी दोन किलोमीटरनेच कमी व्हायला हवा. तो पाचाने कमी झाला असेल तर गाडीचं वजन चुकलेलं आहे. बहुतेकदा गाडीचा पुढचाच भाग कापून घेतलेला असतो आणि मागचं वजन जोडायचं राहून गेलेलं असतं.

पाय: पहिले तीस-चाळीस मिलिसेकंद

पायाच्या दुखापती फार लवकर ठरतात. बंपरचं बाहेरचं प्लॅस्टिक, त्यामागचा फोम, त्यामागची तुळई आणि खाली, नडगीच्या पातळीवर, एक कडक पट्टी. या चौघांच्या परस्पर ताठरपणावर गुडघ्याचं भवितव्य अवलंबून असतं. खालची पट्टी नडगीला मांडीच्याच गतीने पुढे ढकलत असेल तर गुडघा कमी वाकतो. ती पट्टी मऊ असेल किंवा फार मागे असेल तर पाय गाडीखाली राहतो आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध आधी जातो.

फोम आणि पत्रा यांचा कॉन्टॅक्ट ही इथली नेहमीची डोकेदुखी. साध्या पेनल्टी कॉन्टॅक्टमध्ये एक पृष्ठभाग दुसऱ्यात घुसला की काल्पनिक स्प्रिंग त्याला बाहेर ढकलते. या स्प्रिंगचा ताठरपणा पदार्थाच्या ताठरपणावरून निघतो; एक बाजू फोमची असली की स्प्रिंग इतकी ढिली होते की नडगी सरळ फोममधून आरपार जाते. एलएस-डायना या सोल्व्हरमध्ये अशा जागी सॉफ्ट २ हा पर्याय वापरतात, त्यात ताठरपणा वस्तुमान आणि टाइमस्टेपवरून काढला जातो. फोम फार दबला की एलिमेंट उलटा होऊन “निगेटिव्ह व्हॉल्यूम” म्हणत रन थांबतो. तो एलिमेंट काढून टाकणं हा उपाय नव्हे, तिथेच तर ऊर्जा शोषली जात असते. आधी फोमचा ताण-विकृती आलेख शेवटपर्यंत, म्हणजे फोम पूर्ण चेपला जाऊन ताठ होतो तिथपर्यंत, दिलेला आहे का ते बघायचं. मग इंटिरिअर कॉन्टॅक्ट (फोमचे एलिमेंट आतून उलटू न देणारा) लावायचा. तरी भागलं नाही तर जाळी दाबाच्या दिशेने थोडी लांब ठेवायची.

हाड मोडणं दाखवायला एलिमेंट डिलीट करतात. नडगीच्या कवचाचा ताठरपणा १७ गिगापास्कलच्या आसपास आणि मोडायची विकृती दोन टक्क्यांच्या आसपास असते. वय वाढेल तशी ही मर्यादा खाली येते. मात्र एलिमेंट एकदा गेला की पुढचा सगळा भार दुसरीकडे वळतो: नडगी मोडली म्हणून गुडघा वाचला, असं चित्र दिसू शकतं. खऱ्या अपघातातही तसं होतं, पण मॉडेलमध्ये ते एका एलिमेंटच्या टोकाच्या आकड्यावर ठरलेलं असू शकतं. म्हणून दोन रन लावणं उत्तम, एक मोडण्यासह, एक मोडण्याशिवाय. दुसऱ्यात विकृती वाचताना एका एलिमेंटचा कमाल आकडा घेऊ नये. त्या हाडातल्या एलिमेंटचा ९९वा शतमक घेतला तर जाळीतल्या एखाद्या वाकड्या कोपऱ्याने निकाल फिरत नाही.

इम्पॅक्टरने हेच तपासायचं असेल तर फ्लेक्स-पीएलआय हा पायाचा साचा आहे. पादचारी सुरक्षेच्या जागतिक नियम क्रमांक ९ प्रमाणे त्याची नडगी ३४० न्यूटन-मीटरच्या आत वाकली पाहिजे, आतल्या बाजूचा अस्थिबंध २२ मिलिमीटरच्या आत आणि क्रूसाकार अस्थिबंध १३ मिलिमीटरच्या आत ताणले पाहिजेत. या साच्याला धड नसतं. उंच नाकाच्या गाडीपुढे ही उणीव उघडी पडते, कारण तिथे धडाचं वजन मांडीला रोखून धरतं आणि साच्याच्या मांडीला रोखणारं कुणीच नसतं. म्हणून त्यानंतरच्या एपीएलआय साच्यात वर धडाच्या वाट्याचं वजन जोडलेलं आहे.

डोकं: शेवटचे पंधरा मिलिसेकंद

खुबा बॉनेटच्या कडेवर टेकला की धड त्याभोवती वळायला लागतं. कोपर किंवा खांदा आधी बॉनेटवर टेकला तर डोक्याचा वेग कमी होतो. हात छातीसमोर बांधलेले असतील तर चित्र वेगळं. डोक्याचा गाडीवर आदळण्याचा वेग गाडीच्या वेगापेक्षा कमीही असू शकतो आणि जास्तही. मान चाबकासारखी फिरते तेव्हा तो जास्त होतो. उंच नाकाच्या गाडीत ही वेळ लवकर येते, आणि लहान मुलाच्या बाबतीत तर बॉनेटची कडाच छातीशी किंवा डोक्याशी असते, वळायला जागाच नसते.

डोक्याच्या दुखापतीचा प्रचलित आकडा एचआयसी. ठरावीक कालखंडातल्या सरासरी त्वरणाचा (जीमध्ये, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या पटीत) अडीचवा घात, गुणिले तो कालखंड, आणि सगळ्या कालखंडांतून सर्वांत मोठं उत्तर; कालखंड १५ मिलिसेकंदांपेक्षा मोठा घ्यायचा नाही. या सूत्राशी जरा हाताने खेळून बघावं, बरंच कळतं. समजा डोक्याचा गोळा ताशी ४० किलोमीटरने काटकोनात आदळला आणि बॉनेटने त्याला अगदी एकसारख्या त्वरणाने थांबवलं, उसळी शून्य. एचआयसी बरोबर १००० यायला हे त्वरण ९२ जी निघतं. थांबायला १२.३ मिलिसेकंद आणि ६८ मिलिमीटर लागतात. प्रत्यक्षातला आलेख सुरुवातीला उंच चढतो, मध्ये बसतो आणि बॉनेट इंजिनवर टेकला की पुन्हा उसळतो, म्हणून एवढ्या जागेत सहसा भागत नाही. बॅटरीचं झाकण, बिजागरी, वायपरची दांडी, मडगार्डची वरची कड या जागा लाल, म्हणजे नापास, येतात त्याचं कारण हे अंतर तिथे मिळत नाही.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. थांबायचं अंतर ठरलेलं असेल तर एचआयसी वेगाच्या चौथ्या घाताने वाढतो. जागतिक नियमातली चाचणी ताशी ३५ किलोमीटरची, गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेची ४० ची. फरक पाचाचाच, पण त्याच बॉनेटवर एचआयसी सुमारे १.७ पट. ४० वरून ५० वर गेलं तर २.४ पट. मॉडेलमध्ये डोक्याचा वेग दहा टक्क्यांनी चुकला तर एचआयसी ४६ टक्क्यांनी चुकतो, हेही त्यातच आलं. म्हणून पूर्ण माणसाच्या रनमधून एचआयसी जाहीर करताना माझा हात आखडता असतो. डोकं कुठे, कधी आणि किती वेगाने लागलं हे आधी छापावं.

त्वरण मोजायचं कुठे हाही प्रश्न आहे. कवटीच्या एखाद्या नोडचं कच्चं त्वरण घेतलं तर शेकडो जीचे खोटे काटे मिळतात. डोक्याच्या गुरुत्वमध्याशी कवटीच्या बऱ्याच नोडनी जोडलेला बिंदू ठेवायचा आणि त्याचं त्वरण सीएफसी १००० या गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरमधून काढायचं. या फिल्टरला सेकंदाला किमान दहा हजार नोंदी लागतात, म्हणजे आउटपुट जास्तीत जास्त ०.१ मिलिसेकंदाचं, ०.०२ ठेवलं तर निश्चिंत. एक मिलिसेकंदाचं आउटपुट ठेवून नंतर फिल्टर लावणं म्हणजे काटा नोंदायचाच राहून गेला असताना त्याला घासत बसणं.

एचआयसीला डोक्याचं फिरणं दिसत नाही. मेंदूचं मऊ ऊतक दाबाला जवळजवळ पाण्याइतकं न दबणारं आणि कातरायला अत्यंत मऊ, त्यामुळे फिरण्यानेच त्यात जास्त विकृती होते. ब्रिक हा निकष तीन अक्षांभोवतीचे कोनीय वेग ६६.२५, ५६.४५ आणि ४२.८७ रेडियन प्रतिसेकंद या मर्यादांनी भागून एकत्र करतो. उभ्या अक्षाभोवतीची मर्यादा सर्वांत लहान आहे, आणि बाजूने धडकलेल्या पादचाऱ्याचं डोकं मानेभोवती वळतं तेव्हा नेमका हाच अक्ष कामाला लागतो. मेंदूचीच विकृती वाचायची असेल तर तिथल्या अवरग्लास नियंत्रणाचा प्रकार बदलून एक रन जरूर लावावा. विकृती पाच-दहा टक्क्यांपेक्षा जास्त हलली तर तो आकडा सोल्व्हरचा आहे, मेंदूचा नव्हे.

काचेबद्दल थोडक्यात. विंडस्क्रीन म्हणजे काच, मध्ये पीव्हीबी या प्लॅस्टिकचा चिवट थर, पुन्हा काच. काच कधी तडकेल हे तिच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ओरखड्यांवर ठरतं, त्यामुळे एकसारख्या दोन काचांवर दोन वेगळे एचआयसी मिळतात. मॉडेलमध्ये एकच मजबुती टाकून एकच उत्तर काढणं चूक. कमी, मध्यम, जास्त अशा तीन मजबुती घ्याव्यात. काचेच्या तळाशी, डॅशबोर्डजवळ, विशेष सांभाळायचं: काच फुटल्यावर डोकं आत जाऊन कडक भागावर टेकतं आणि दुसरा काटा पहिल्यापेक्षा उंच असतो. रन लवकर थांबवला तर तो काटा दिसतच नाही.

मॉडेलवर भरवसा कधी ठेवायचा? हाड तीन बिंदूंवर वाकवण्याचे, गुडघा चार बिंदूंवर वाकवण्याचे आणि देहदान केलेल्या शरीरांवर केलेले पूर्ण धडकेचे प्रयोग उपलब्ध आहेत. त्या माणसांनी मागे ठेवलेली ही माहिती आदराने आणि काटेकोरपणे वापरायला हवी. युरो एनकॅपने धडक ओळखून आपोआप वर उचलल्या जाणाऱ्या बॉनेटसाठी मानवी मॉडेलची पात्रता ठरवून दिली आहे: फॅमिली कार, एमपीव्ही, रोडस्टर आणि एसयूव्ही अशा चार सर्वसाधारण गाड्या, ३०, ४० आणि ५० किलोमीटरचे वेग, आणि डोकं लागण्याची वेळ ठरलेल्या पट्ट्यात बसली पाहिजे. वेळेवर एवढा जोर का, तर बंपरमधल्या सेन्सरने ओळखायचा वेळ अधिक बॉनेट उचलायचा वेळ ही बेरीज डोकं पोचायच्या आत संपली पाहिजे. हे पट्टे गतीचे आहेत. त्यांत बसलेलं मॉडेल बरगड्यांच्या बाबतीतही बरोबर आहे असा अर्थ काढू नये. बरगड्यांसाठी बरगड्यांचीच तपासणी लागते.

राहिला जमिनीवरचा आघात. गाडीवरून पडलेला माणूस जमिनीवर आपटायला सेकंद किंवा त्याहूनही जास्त लागतो, आणि तोपर्यंत सुरुवातीचा प्रत्येक लहान फरक वाढत गेलेला असतो. घर्षण ०.३ ऐवजी ०.४ घेतलं, पाय दोन सेंटिमीटर मागे ठेवला किंवा ब्रेक दहा मिलिसेकंद उशिरा लावला, एवढ्यानेही डोक्याऐवजी खुबा आधी टेकू शकतो. म्हणून इथे एका सुंदर, महागड्या फायनाइट एलिमेंट रनपेक्षा मल्टिबॉडीचे दोनशे साधे रन जास्त उपयोगाचे. पवित्रा, घर्षण, वेग आणि ब्रेक बदलत न्यायचे, डोक्याच्या आघाताचा वेग वितरणाच्या रूपात काढायचा, आणि त्या वितरणातून निवडलेले चार-पाच प्रसंगच पुढे पूर्ण मॉडेलमध्ये, शेवटच्या शंभर मिलिसेकंदांपुरते, जमिनीच्या अगदी वरून सुरू करायचे. त्यासाठी मल्टिबॉडीतून प्रत्येक सांध्याचा कोन आणि कोनीय वेगही घ्यावा लागतो. फक्त गुरुत्वमध्याचा वेग घेतला तर हातपाय ताठ राहिलेला पुतळा जमिनीवर पडतो, आणि त्याच्या डोक्याला लागलेला मार माणसाचा नसतो.